एका मिनिटाची नोटीस

कॉम्प्युटर बंद पडला याचा गुणवंतरावांना राग आला नव्हता. वडशात बंद पडण्याबद्दल कोणी राग धरत नाही. वीज जाते, नळ जातो, फोन तर आलाच तर पाहुणा. राग आला तो मुदतीचा. एकतीस वर्षं तहसिलीत कारकुनी केलेल्या माणसाला नोटीस नवी नव्हती. रस्त्यावर ओटा काढणाऱ्यालाही त्यांनी सात दिवस दिले होते, आणि आंब्याचं झाड विनापरवाना तोडणाऱ्याला पंधरा. हे यंत्र मात्र घरातल्या सर्वांत चांगल्या टेबलावर, भरतकामाचं कापड पांघरून बसलेलं, घरमालकालाच साठ सेकंदांची नोटीस देत होतं. तीही कारण न दाखवता.

दोन हजार तीनचं नवरात्र सुरू होतं. बुधवारी संध्याकाळी गुणवंतरावांनी इंटरनेट जोडलं. फोनच्या तारेतून ती ओळखीची किंचाळी आली, जोडणी झाली, त्यांनी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली, आणि पडद्यावर एक पेटी उगवली. यंत्र बंद होत आहे, आपलं काम जपून ठेवा, उरलेला वेळ साठ सेकंद. मग एकोणसाठ. मग अठ्ठावन्न. गुणवंतरावांनी मजकूर शांतपणे दोनदा वाचला, कारण नोटीस नीट वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये असा त्यांचा शिरस्ता होता. वाचून होईपर्यंत पडदा काळा झाला.

त्यांनी पुन्हा चालू केलं. पुन्हा जोडलं. पुन्हा नोटीस. असं चार वेळा.

"अवो, त्याले थकवा आला असन," रुखमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सकाळपासून काम करून राह्यला बिचारा."

गुणवंतरावांना इंटरनेटवरून काय करायचं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच सांगितलं होतं. गुणवंतरावांनी नाटक लिहिलं होतं. 'तलाठी निघाला जावई', तीन अंकी, कौटुंबिक. वडसा हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली की कंपन्यांचे तंबू निघतात ते होळीपर्यंत गावोगाव फिरतात. गुणवंतरावांनी आयुष्यभर ही नाटकं पहिल्या रांगेत बसून पाहिली होती आणि घरी येऊन सुधारली होती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं लिहिलं. आणि नवल म्हणजे प्रफुलभाऊ, ज्यांची स्वतःची नाटक कंपनी होती, ते हो म्हणाले. म्हणजे जवळजवळ हो म्हणाले.

"गुणवंतभाऊ, माह्यं काई नाई," प्रफुलभाऊ म्हणाले होते. "पण ठरवणार दिग्दर्शक. वामनराव नागपूरले रायते. शनिवारी रात्री मी तेथीच असतो. तोवर तुमचं नाटक ई-मेलनं पोचलं, त्याहिले पसंत पडलं, तर दसऱ्याले तुमच्या नावाचं पोस्टर. नाई तर मागच्याच सालचं नाटक पुन्हा लावतो."

"दोन मिनिटांत पोचेल," गुणवंतराव म्हणाले होते, आणि हेच वाक्य पुढे पानठेल्यावर, दळणाच्या रांगेत आणि देवीच्या मांडवात मिळून निदान चाळीस लोकांना ऐकवलं होतं. त्यामुळे रुखमाबाईंनी "एसटीच्या कंडक्टरजवळ वह्या देऊन द्या ना" असं सुचवलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही. वह्यांत तिसरा अंक जुना होता, नवा थेट कॉम्प्युटरात लिहिला होता, प्रिंटर घरात नव्हता, ही कारणं खरीच होती. पण खरं कारण ते चाळीस लोक होते. हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

गुरुवारी सल्लागार आले. पहिले बाबुलाल. ते वीज कार्यालयात लाइनमन होते आणि शेजारी होते, त्यामुळे जगातलं कोणतंही दुखणं ते आधी अर्थिंगवर ढकलत. "भाऊ, अर्थिंग सुकली तुमची. मिठाचं पाणी टाका," असं म्हणून त्यांनी स्वतःच अंगणातल्या खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं. कॉम्प्युटरवर परिणाम झाला नाही. खड्ड्याशेजारचा मोगरा मात्र चार दिवसांत गेला.

मग बसस्टँडजवळ संगणक वर्ग चालवणारा भूपेश आला. त्याने टिचकी मारून यंत्र ऐकलं, डॉक्टर ऐकतात तसं, आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट माराव लागन."

"म्हणजे काय?"

"सगळं पुसून कोरं कराचं. एक घंट्यात नवं कोरं."

"आणि नाटक?"

"तेपण कोरं."

गुणवंतरावांनी त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं, आणि दार लावून घेतलं. त्यांच्या स्वभावात बसेल असं हे सर्वांत कडक उत्तर होतं.

मधल्या वेळात ते टेलिफोनच्या कार्यालयातही जाऊन आले. लाइनमध्येच दोष असावा असा त्यांना एक संशय होता. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तक्रार नोंदवली?" "नोंदवायलाच आलो." "इथं नाई होत. फोनवरून नोंदवा." "फोनच बिघडलाय असं म्हणतोय." "मग बिघडलेल्या फोनवरून नाई लागणार," तो माणूस सहानुभूतीने म्हणाला. गुणवंतराव त्याच्यावर चिडू शकले नाहीत. तसली खिडकी त्यांनी आतल्या बाजूने एकतीस वर्षं पाहिली होती.

शेवटी त्यांनी पुण्याला जयाला फोन केला. जया त्यांची मुलगी, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. तिला विचारायचं नाही असं त्यांनी बुधवारीच ठरवलं होतं, कारण हे यंत्र तिनेच पाठवलं होतं आणि "मला सगळं जमतं" असं त्यांनी तिला पत्राने कळवलं होतं.

"बाबा, तुमच्यात काही चूक नाही," ती म्हणाली. "मशीन चालवणाऱ्या मूळ सिस्टिममध्येच एक भोक राहिलंय. इंटरनेट जोडलं की त्यातून एक किडा आत येतो आणि मशीन पाडतो. जगभर चाललंय हे. कंपनीने भोक बुजवायला ठिगळ काढलंय, फुकट. ते उतरवून घ्यायचं, लावायचं, संपलं."

"कुठून उतरवायचं?"

"इंटरनेटवरून."

गुणवंतरावांनी ते पुन्हा मांडून पाहिलं. "म्हणजे किडा येऊ नये म्हणून ठिगळ पाहिजे, आणि ठिगळ आणायला त्याच भोकाजवळून जायचं."

"हो."

"रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड लागतं आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला. समजलं," ते म्हणाले, आणि बुधवारपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात थोडी उभारी आली. परकं वाटणारं हे यंत्र आपल्याच खात्यातलं निघालं होतं.

जयाने सांगितलं की सीडी कुरिअरने पाठवली तर सोमवारी मिळेल. सोमवार म्हणजे पोस्टर छापून झाल्यावर. मग दुसरा उपाय: नोटीस आली की साठ सेकंदांच्या आत एक आज्ञा टाईप करायची, की नोटीस रद्द. यंत्र लंगडत का होईना चालू राहतं, तेवढ्यात ठिगळ उतरवायचं.

"स्थगिती," गुणवंतराव म्हणाले.

"काय?"

"स्थगनादेश मिळवायचा. ठीक आहे. पुढे सांग."

पुढची अडचण अशी की पुढचं सांगायला फोन हवा, आणि इंटरनेट चालू असताना घरचा फोन इंटरनेटच वापरणार. समोरच्या देवकाबाईंकडे फोन होता. त्याची तार ओसरीपर्यंत यायची, आणि ओसरीपासून गुणवंतरावांची खिडकी वीस पावलं. जयाने देवकाबाईंकडे फोन करायचा, तिथे कोणीतरी ऐकायचं आणि ओरडून इकडे सांगायचं.

"ओरडाचं काम आपलं," मंगरूभाऊ म्हणाले.

मंगरूभाऊ हे गल्लीतलं मोठं नाव. सव्वीस हिवाळे त्यांनी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं होतं. झाडीपट्टीत नट रोज नवं नाटक करतो, पाठ कोण करणार? प्रॉम्प्टर पडद्याआडून एकेक वाक्य पुढे ढकलतो आणि नट ते झेलतो. मंगरूभाऊंची ख्याती अशी, की त्यांच्या हातून सव्वीस वर्षांत एक वाक्य गळलं नव्हतं. जे कानावर पडेल किंवा डोळ्यांसमोर येईल ते, जसंच्या तसं, भावनेसकट.

शुक्रवारी दोन वाजता पहिला प्रयोग झाला. प्रयोगच म्हणायचा, कारण मंगरूभाऊ बोलणार हे कळताच बायका चटया घेऊन आल्या. झाडीपट्टीत पडदा दिसला की माणूस खाली बसतो, पडदा चौदा इंची असला तरी.

नोटीस आली. साठ.

"बाबांना सांगा, स्टार्टवर दाबा!" मंगरूभाऊंनी ओसरीवरून आवाज टाकला. बाबांनी दाबलं.

"आता रन म्हणून आहे, ते उघडायचं!" उघडलं. चव्वेचाळीस.

"अरे देवा, दूध उतू चाललंय, थांबा!"

गुणवंतराव हात वर करून थांबले. रुखमाबाई स्वयंपाकघरात धावल्या. तिथे गॅस बंद होता आणि दूध फडताळात गार बसलं होतं. उतू जात होतं ते पुण्यातलं. तोवर पडदा काळा झाला.

"मंगरूभाऊ, ते दूध कशाला सांगितलं?"

"वाक्य गाळत नसतो मी," मंगरूभाऊ गंभीरपणे म्हणाले.

"वन्स मोर!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या.

गुणवंतरावांना आयुष्यात वन्स मोर मिळावा ही फार जुनी इच्छा होती. तो असा मिळायला नको होता.

दुसऱ्या प्रयोगात दूध नव्हतं, पण इंग्रजी होतं. मराठी टाईपरायटरवर गुणवंतरावांची बोटं पाऊस पडल्यासारखी पडत. इंग्रजी अक्षरं मात्र त्यांना एकेक करून शोधावी लागत, आणि कळफलकावर ती शाळेतल्या क्रमाने लावलेली नव्हती, हा त्यांच्या मते शुद्ध निष्काळजीपणा होता. मंगरूभाऊ "एस! एच! यू!" असे करुण स्वरात पुकारत होते, कारण जयाचा आवाज रडकुंडीला आला होता आणि भावना गाळण्याची त्यांना सवय नव्हती. प्रेक्षक एका सुरात आकडे मोजत होते. चौथं अक्षर सापडेपर्यंत "तीन! दोन! एक!" झालं.

तिसरा प्रयोग डब्ल्यूपाशी पडला. चौथाही तिथेच. संध्याकाळी गुणवंतराव जेवले नाहीत. रुखमाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "नाटक चांगलं हाय तुमचं. मी वाचलं."

"केव्हा?"

"तुम्ही झोपल्यावर, वह्यांतलं. सासऱ्याले फार रडवू नका तेवढं."

शनिवार उजाडला तो खांडेनवमीचा. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. रुखमाबाईंनी विळा, कात्री, पाटा-वरवंटा, गुणवंतरावांचा कागदांना भोकं पाडायचा जुना पंच आणि कॉम्प्युटर अशा सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. वाहता वाहता त्यांचा हात कळफलकावर थांबला.

"कोणकोणती अक्षरं लागते म्हणता?"

गुणवंतरावांनी सांगितली, आणि रुखमाबाईंनी अनामिकेने तेवढ्याच कळांवर एकेक टिळा लावला. आठ अक्षरं, एक आडवी रेघ, शेवटचा ए. प्रत्येक कळ एकदाच लागत होती, दोनदा कोणतीच नाही. शंभर कळांच्या गर्दीत आता फक्त दहा सवाष्णी दिसत होत्या.

(ते कुंकू पुढे कधी पूर्ण निघालं नाही. एसच्या कळेवरचं तर अजून आहे.)

तीन वाजता प्रयोग लागला. भारनियमन चारला सुरू व्हायचं, ते सातपर्यंत. हाती एकच तास होता. गर्दी आज दुप्पट होती, कारण प्रयोग गाजला होता.

साठ. स्टार्ट. रन. "एस!" मंगरूभाऊ म्हणाले, आज वीररसात. बोट गेलं. "एच!" गेलं. मोजणारे आपोआप गप्प होत गेले. डब्ल्यू आला, गेला. एन. रेघ. ए. गुणवंतरावांनी शेवटची कळ अशी दाबली की टेबल हललं.

पेटी नाहीशी झाली. अकरा सेकंद शिल्लक होते.

गल्लीत जो जल्लोष झाला त्याने देवकाबाईंची शेळी दावं तोडून गेली. गुणवंतराव मात्र उठले नाहीत. स्थगिती मिळाली म्हणजे खटला जिंकला नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. मंगरूभाऊंच्या तोंडून जया पुढचं सांगत गेली आणि ठिगळ उतरायला लागलं. ते उतरत होतं इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतात पोचतं त्या गतीने. दहा टक्के. चौदा. लोकांनी शेंगदाणे काढले. साडेतीनला बत्तीस टक्के झाले, तेव्हा सगळ्यांनी बाबुलालकडे पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाहता?" बाबुलाल म्हणाले. "लाइट माह्या खिशात हाय का?"

"दहा मिनिटं उशिरा बंद करायला सांगा फक्त," गुणवंतराव म्हणाले.

"लेखी द्या. साहेब तोंडी आयकत नाई."

गुणवंतरावांनी जागेवरून न उठता अर्ज सांगितला आणि रुखमाबाईंनी तो लिहिला. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', सगळं. नाटक वाचवण्यासाठी विलंब न लावता विलंब करावा, अशी विनंती. बाबुलाल सायकलवर बसून गेले. दहा मिनिटांनी परत आले. साहेबांना अर्जाची भाषा फार आवडली होती, आणि तो त्यांनी मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात पाठवला होता.

पुढे तारेची गती वाढली, आणि चारला सहा मिनिटं असताना ठिगळ उतरलं. चारला तीन मिनिटं असताना लागलं. आणि तेव्हा पडद्यावर नवी पेटी आली. ठिगळ पक्कं होण्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल. करू?

गुणवंतरावांनी हात मागे घेतले. "नाही."

"बाबांना सांगा, हो म्हणा!" ओसरीवरून आवाज आला.

"तीन दिवस हा बंद होऊ नये म्हणून मी झगडलो! आणि आता हा मलाच विचारतो, बंद होऊ का?"

"बाबा, या वेळी तो चांगल्यासाठी विचारतोय!" मंगरूभाऊंच्या आवाजात मुलगी काकुळतीला आली होती.

"सगळे चांगल्यासाठीच विचारतात. अर्ज मागे घ्या, लगेच नवा मंजूर करतो, असं मी स्वतः लोकांना सांगितलंय. लोकांनी मागे घेतलेत, आणि नवे अजून पडून आहेत."

मग ओसरीवरून आवाज आला तो जरा हळू होता. मंगरूभाऊंनी तोही जसाच्या तसा दिला. "बाबा, माझ्यावर विश्वास ठेवा ना."

सगळ्या गल्लीसमोर, मिशीवाल्या साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडून हे ऐकणं फार अवघड होतं. गुणवंतरावांनी 'हो' दाबलं. यंत्र निजलं, पुन्हा जागं होऊ लागलं, पडदा निळा झाला, आणि वीज गेली.

सात वाजेपर्यंत वीज येणार नव्हती. ठिगळ पक्कं झालं की वाटेतच विरलं, हे सांगणारं कोणी नव्हतं. गुणवंतराव अंधारात खुर्चीवर बसून होते. नागपुरात वामनराव आज रात्रीच ठरवणार होते.

सातला दिवे आले. यंत्र चालू झालं. किंचाळी, जोडणी. खिडकीत गर्दी होतीच. तिने वेळ न दवडता मोजायला सुरुवात केली, आणि पेटी आलेली नसल्याने उलटं मोजणं जमेना म्हणून सुलटं मोजलं. तीस. पन्नास. साठ. एकसष्ट. पडद्यावर काहीच आलं नाही. शंभरपर्यंत आवाज बारीक होत गेले. एकशेदहाला एक म्हातारी उठली आणि चटई झटकत म्हणाली, "काईच तं होऊन नाई राह्यलं. चला." पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली. सुरक्षा ही गोष्ट पाहायला काही मजा नसते.

नाटक गेलं. खरोखर दोन मिनिटांत गेलं. ते पाहायला चाळीसातलं कोणी नव्हतं.

आठला फोन वाजला. प्रफुलभाऊ. "गुणवंतभाऊ, पोचलं तुमचं. पण हे काय पाठवलं? नुसते कोंबडीचे पाय दिसून राह्यले."

गुणवंतरावांच्या कॉम्प्युटरातलं मराठी नागपूरच्या कॉम्प्युटरला येत नव्हतं. त्या काळी प्रत्येक यंत्राचा मराठी फॉन्ट वेगळा असे आणि ती एकमेकांचं वाचत नसत. हे ठिगळात बसत नव्हतं.

"वामनराव निघतो म्हणते," प्रफुलभाऊ म्हणाले. "मी काय सांगू त्याहिले?"

"पाच मिनिटं थांबवा," गुणवंतराव म्हणाले, आणि खिडकीतून हाक मारली. "मंगरूभाऊ!"

मंगरूभाऊ जेवणावरून उठून आले. त्यांनी हात धुतला, पडद्यासमोर बसले, फोन कानाला लावला आणि घसा साफ केला. 'तलाठी निघाला जावई'. अंक पहिला, प्रवेश पहिला. त्यांनी सासरा केला, तलाठी केला, नवरी केली, तिची आत्या केली. अंगणातल्या चटया पुन्हा भरल्या, कुणाला बोलवावं लागलं नाही. गुणवंतराव शेजारी उभे राहून पानं पुढे सरकवत होते.  फोन मंगरूभाऊंच्या कानाला, त्या टोकाची हूं की चूं यांच्यापर्यंत येत नव्हती.

दुसऱ्या प्रवेशाच्या मध्यावर, तलाठी सासऱ्याच्याच शेताचा पंचनामा करायला येतो तिथे, मंगरूभाऊ एकाएकी थांबले. सव्वीस वर्षांत कधी न थांबलेले. त्यांनी फोन गुणवंतरावांच्या हातात दिला.

"थांबा म्हणून राह्यले," ते म्हणाले.

 गुणवंतरावांनी तो कानाला लावला. "जी, मी बोलतोय. पसंत नसेल तर—"

"अहो, थांबा जरा," वामनरावांचा आवाज आला, धापा टाकत. "हा प्रफुल खुर्चीवरून खाली पडलाय. आम्ही हसतोय तेवढ्यात तुमची चार वाक्यं निघून गेली. आत्या आल्यापासून पुन्हा घ्या."

"काय म्हणते?" रुखमाबाईंनी दारातून विचारलं.

 गुणवंतरावांनी फोन तसाच त्यांच्याकडे धरला. त्या छोट्याशा भोकांतून, नागपूरहून, दोन माणसांचं हसणं घरात येत होतं.